तलावाकाठचे फादर

माझ्या भावाने घरच्या ग्रुपवर तो फोटो टाकला तेव्हा आई माझ्याकडे, कोपरला, राहायला आली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डोळा उघडल्यापासून ती दिसेल ते वाचत सुटली होती. दुधाची पिशवी, लिफ्टमधली सोसायटीची नोटीस, समोरच्या बिल्डिंगवरची क्लासची पाटी. मी स्वयंपाकघरात होते, फोन तिच्या हातात होता, आणि एकदम तिचा आवाज आला, "अगो, फादर!"

फोटोत आमच्या गावच्या, बाळकुमच्या, तलावाचं रेलिंग दिसत होतं. त्याच्यापुढे उंच चौथरा, वर पायघोळ झग्यातला तांबूस पुतळा, गळ्यात गुडघ्यापर्यंत लोंबणारे हार. खाली भावाने लिहिलेलं, 'आपल्या फादरांचा पुतळा बसला. काल कार्यक्रम झाला.'

"मी हितं असताना बसवला?" आई म्हणाली. जणू बाळकुमच्या लोकांनी मुद्दाम ती नसतानाचा दिवस धरला होता. मग दोन बोटांनी फोटो मोठा करून बराच वेळ बघत राहिली. "मना ने तिथं."

मी सांगून पाहिलं की भाऊ तुला न्यायला येणारच आहे, घरी गेलीस की रोज बघ. गुडघे दुखतायत, डोळ्याला धूळ लागेल, सगळं सांगितलं. ती चष्मा पुसत बसली. शेवटी माझी मुलगी म्हणाली, "चल आजी, रविवारी मी गाडी काढते."

मोठागावचा पूल झाल्यापासून माझं माहेर जवळ आलंय. खाडी ओलांडली की माणकोली, तिथून हायवेला लागलं की बाळकुम. आम्ही सकाळीच निघालो. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलेलं आणि वाटेत थांबून झेंडूचा हार घेतलेला. तो हार तिने मांडीवर असा धरला होता की गाडीत कोणी बोलायलाही कचरावं.

पुतळा फोटोपेक्षा मोठा आहे. उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला, डाव्या हातात पुस्तक, पायात बूट. चौथऱ्यावर काळ्या दगडात कोरलंय की फादर थोर शिक्षक होते आणि गोरगरिबांचे कैवारी होते. सकाळी फिरायला येणारे लोक त्याला वळसा घालून जात होते. काही जण चालता चालताच छातीला हात लावत होते. आई माझा हात सोडून एकटीच पुतळ्याभोवती फिरली. समोर येऊन उभी राहिली. मान वर करून नव्या डोळ्याने नीट बघितलं.

"यो आपला फादर नाय," ती म्हणाली.

"असं काय करतेस? चेहरा तर हुबेहूब आहे."

"तोंड हाय. पन आपला फादर सदा वला. यो कसा सुका उबा हाय!"

आमच्या आगरी बोलीत ओल्याला वला म्हणतात, आणि आईचा आवाज पहिल्यापासून शेतातला, एका बांधावरून दुसऱ्या बांधावर पोचणारा. चौथऱ्यावरची सुकलेली फुलं गोळा करत एक बाई उभ्या होत्या, त्या वळून बघायला लागल्या. मला ओशाळल्यासारखं झालं. पण आई खरं बोलत होती. मलाही फादर आठवतात ते ओलेच. केसांतून पाणी निथळतंय, बनियन अंगाला चिकटलंय, हातात लांब बांबू आणि पाय अनवाणी.

तेव्हा बाळकुममध्ये आजच्यासारखे टॉवर नव्हते. भातशेती होती, पलीकडे खाडी, खाडीच्या कडेने मिठागरं. माझे बाबा मिठागरावर कामाला होते. बायका शेतावर राबायच्या आणि दुपारी तलावावर धुणं घेऊन यायच्या. गावातल्या मुलग्यांना पोहायला कोणी शिकवत नसे. ते तलावात पडायचे आणि पोहत बाहेर यायचे. मुलींनी मात्र पायरीवर बसून पाय भिजवायचे, त्यापुढे नाही. ही कोणी घातलेली बंदी नव्हती, तशी रीतच होती. म्हणजे गावाच्या तिन्ही बाजूंना पाणी आणि निम्म्या गावाला पोहता येत नाही.

फादर वसईकडचे, समुद्रकाठच्या घरातले. आमच्या गावाजवळच्या लहानशा चर्चमध्ये नेमणूक होऊन आले आणि शेजारच्या शाळेत गणित शिकवायला लागले. शाळेत सगळ्याच जातीधर्माची मुलं होती, त्यात मी पण. तेव्हा आमच्या दृष्टीने ते फक्त एक उंच, जरा तिरसट मास्तर होते.

आमच्या शेजारी माझी एक मैत्रीण राहायची. तिच्या आईला मी काकी म्हणायचे. एका दुपारी दोघी मायलेकी धुणं धुवायला गेल्या. घासून ठेवलेली कळशी वाऱ्याने पाण्यात घरंगळली आणि तरंगत निघाली. ती धरायला पोरगी गुडघाभर पाण्यात उतरली, मग कमरेइतक्या. पुढे कधीतरी गाळ काढताना झालेला खड्डा होता, तो वरून दिसत नव्हता. काकी पायरीवर होती. तिच्यासोबत आणखी बायका होत्या, माझी आईही होती. सगळ्याजणी ओरडत होत्या. एकीलाही पाण्यात जाता येत नव्हतं आणि पुरुष सगळे मिठागरावर.

ओरडा शाळेपर्यंत आला. फादर वर्गातून खडूसकट धावत सुटले. त्यांच्यामागे आम्ही मुलं. त्यांनी अंगातल्या झग्यासकट उडी घेतली. बुडी मारली, वर आले, परत बुडी मारली. तिला घेऊन आले तेव्हा फार उशीर झाला होता. पायरीवर तिला पालथी घालून ते बराच वेळ पाठ दाबत राहिले. शेवटी तिथल्या एका म्हाताऱ्याने त्यांचा हात धरून थांबवला. मग ते तसेच बसून राहिले आणि झग्यातलं पाणी पायऱ्यांवरून खाली वाहत होतं.

त्या घरच्या सुतकात फादर रोज संध्याकाळी येऊन ओटीवर बसायचे. धर्माचं काही बोलायचे नाहीत. खरं तर काहीच बोलायचे नाहीत. तेराव्याचं जेवण झालं आणि दुसऱ्या दिवशी ते गावदेवीच्या देवळात, जिथे गावकी जमायची, तिथे जाऊन उभे राहिले.

"मला गावातल्या मुलींना आणि बायकांना पोहायला शिकवायचंय," ते म्हणाले.

आधी कोणाला नीट कळलंच नाही. मग गलका झाला. बायका तलावात उतरणार? आणि शिकवणार कोण, हा? माझे बाबा तिथे होते. बाबा म्हणाले, "मास्तर, शालेत काय शिकवाचा ता शिकव. आमच्या बायकांना पान्यात नको उतरवू." आणि मग ज्या म्हाताऱ्याने तलावावर त्यांचा हात धरला होता, त्यानेच सगळ्यांच्या मनातलं बोलून टाकलं. म्हणाला, तुम्ही लोक पाण्यात घालून माणसाला बाटवता, हे आम्हाला माहीत आहे.

फादरांनी त्या म्हाताऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आजोबा, बाप्तिस्म्याला ओंजळभर पाणी पुरतं. तलाव लागतो तो पोहायलाच."

कोणीतरी हसलं. मग म्हातारा स्वतःच हसला. हा प्रसंग आमच्या गावात इतक्यांदा सांगितला गेलाय की मला तो मी पाहिल्यासारखाच वाटतो. फादरांनी शब्द दिला की बायकांना शिकवताना मी काठावर उभा राहीन, पाण्यात पाय घालणार नाही. लहान मुलींबरोबर तेवढं पाण्यात उतरीन, आणि त्यांच्या आया काठावर बसून बघतील. गावकीने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ज्याने त्याने आपापल्या घरी ठरवावं, एवढ्यावर सगळे उठले.

आमच्या घरी ठरलं ते मला आठवतं. बाबा जेवायला बसलेले. आई भाकरी थापत होती. थापता थापता, मागे न बघता म्हणाली, "मी जानार तलावाव."

बाबांनी ताटावरचा हात काढला.

"तुमी मिठागराव," आई म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं. "ही उद्या बुरली त मी काय काठाव उबी राहून नुसती बोंबलू? त्या दिशी बोंबलली तशी?"

बाबा न जेवता उठले. नंतर किती तरी दिवस ते आईशी कामापुरतंच बोलत होते. पण त्यांनी तिला अडवलं नाही.

पहिल्या सकाळी पाण्यात उतरलेली पहिली बाई माझी आई होती. आमच्याकडचं लुगडं तसंही गुडघ्यापर्यंत आणि घट्ट कासोट्याचं, त्यामुळे ते पाण्यात आडवं येत नाही. पाठीला सुका भोपळा बांधलेला. फादर काठावरून बांबू पुढे करायचे, बाईने त्याचं टोक धरायचं आणि पाय मारायचे. आई आधी बुडत्या म्हशीसारखी फुसफुसत होती, असं तीच सांगते. फादर तिरसट ते तिरसटच. "पोट वर, बाय! पोट वर! आभाळात काय आहे ते मला सांग!" असं ओरडायचे. आई पाण्यात उताणी होऊन नाकातोंडातलं पाणी उडवत सांगायची, "बगला हाय! कावला हाय!" गावातली टवाळ पोरं पुढे रस्त्यात बायका दिसल्या की 'पोट वर' ओरडायची. एक दिवस फादरांनी त्यातल्या एकाला कान धरून तलावावर आणलं आणि बायकांच्या पैजेत पोहायला लावलं. तो माझ्या आईच्या मागे राहिला. त्यानंतर ओरडा बंद झाला.

आम्हा मुलींना शिकवायला ते अर्धी चड्डी आणि बनियन घालून पाण्यात उतरायचे. शाळेची घंटा व्हायच्या आत आम्हाला बाहेर काढायचे आणि स्वतः तसेच ओल्या केसांनी फळ्यासमोर उभे राहायचे. त्यांच्या वहाणा कायम तलावाच्या पायरीवर विसरलेल्या असत.

काकी रोज यायची, पण पाण्यात उतरायची नाही. वरच्या पायरीवर बसून राहायची. फादर तिला कधी ये म्हणाले नाहीत. एका सकाळी ती आपणहून उठली आणि पायऱ्या उतरून आली. त्या दिवशी फादर एकदाही ओरडले नाहीत. बांबू पुढे केला. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि ते काठाकाठाने चालत राहिले, ती पाण्यातून, ते कोरड्यातून, तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाकीच्या बायका पाण्यात उभ्या राहून बघत होत्या. काकीला शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पण शिकली.

मग होडीचं झालं. पावसाळ्यात आमच्या बायका खाडीपलीकडे लावणीला जायच्या. एका संध्याकाळी परतताना भरती होती, वारा उलटा होता आणि होडीत माणसं जास्त झालेली. मध्यावर होडी कलंडली. मी घरी होते. आधी बातमी आली की होडी बुडाली. आजीने कपाळ बडवायला सुरुवात केली, बाबा मिठागरावरून धावत निघाले. आणि मग खाडीकडच्या वाटेने बायका येताना दिसल्या. चिखलाने माखलेल्या, कोणाच्या अंगाला तिवरांनी ओरखडलेलं, कोणाच्या डोक्याला पदर नाही. पण सगळ्या होत्या. एकही कमी नव्हती.

फादर तेवढ्यात पोचले. आधी रडले, आणि मग इतक्या माणसांनी एका होडीत का बसलात म्हणून सगळ्यांना असे झापले की रडणाऱ्या बायका हसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी माझे बाबा काखेत जिवंत कोंबडा घेऊन चर्चच्या दारात गेले. आत गेले नाहीत. वहाणा काढून उंबऱ्याबाहेर उभे राहिले. फादर बाहेर आले तसं बाबांनी कोंबडा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "मास्तर, माजा चुकला." आमच्याकडे कोंबडा देतात तो खायला. फादरांनी तो पाळला. तो त्यांच्या प्रार्थनेच्या मध्येच आरवायचा आणि चर्चमधली माणसं बाबांना रस्त्यात अडवून तक्रार करायची.

हे सगळं मी त्या सकाळी पुतळ्यासमोरच्या बाकावर बसून माझ्या मुलीला सांगत होते. फुलं गोळा करणाऱ्या बाईही ऐकत उभ्या राहिल्या होत्या. त्या चर्चच्याच होत्या, माझ्याहून लहान. फादर इथून बदलून गेल्यावर त्या दुसऱ्या गावच्या शाळेत त्यांच्या हाताखाली शिकलेल्या.

"आम्हाला हे कधीच कळलं नाही," त्या म्हणाल्या. "आम्हाला ते गणिताचे फादर. म्हातारपणी सुद्धा आजारी माणसाच्या उशाशी रात्र रात्र बसायचे, ते फादर. पोहायचं कधी बोलले नाहीत."

"मंग यो सुका कशाला केलाव?" आईने त्यांना थेट विचारलं.

त्या हसल्या. "मावशी, पुतळा करणाऱ्याला फोटो लागतो ना. शोध शोध शोधला. फादर फोटोला उभेच राहायचे नाहीत. कुठल्या तरी समारंभात जबरदस्तीने उभं केलेलं, तो एकच धड मिळाला. बूटही बहुतेक कोणाचे तरी मागून घातलेले."

आईला हे पटलं. बूट मागून घातलेले असणार, हे तर फारच पटलं. माझ्या मुलीने चौथऱ्याच्या कठड्यावर चढून हार घातला. आई खालून सांगत होती, नीट, डाव्या बाजूला ओढ, तोंडाव नको. मग तिने पदर डोक्यावरून घेतला आणि हात जोडून उभी राहिली. चर्चच्या बाईंनी मेणबत्ती लावली. वाऱ्याने ती विझत होती, म्हणून माझ्या मुलीने हाताचा आडोसा धरला.

बाकावर परत बसल्यावर आई गुडघे चोळत होती. मग एकदम म्हणाली, "होरी उलटली तवा तुजी काकी पवत नव्हती."

मला वाटलं तिला विसर पडतोय. "अगं, काकीला पोहता येत होतं की."

"येत व्हता. पन पवत नव्हती. उतानी परून वर बगत होती. मी दंड धरला तिचा. बोलली, मना सोर. माजी पोर बोलवते."

सोर म्हणजे सोड. होडीची गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली, पण हे कधी ऐकलं नव्हतं.

"मग तू काय केलंस?" माझ्या मुलीने विचारलं.

"शिवी घातली," आई म्हणाली. "आनि मी बोलली, तू मेलीस त फादरला मी काय सांगू? बाप असल्यासारा सुतकात बसला तो तुज्या ओटीव. परत बसवशील त्याला?"

"मग?"

"मंग पाय मारले तिनं. रडत रडत मारले. किनाऱ्याला लागेपर्यंत मी दंड सोरला नाय."

चर्चच्या बाईंनी डोळे पुसले. मी विचारलं, हे कोणाला सांगितलंस का? आई म्हणाली, "फादरला. तुज्या बापाला पन नाय. फादर काय बोलला नाय. दुसऱ्या दिशी तलावाव आला आनि बांबू तिच्या हातात दिलान. बोलला, बाय, आता नव्या पोरींना तू शिकव. मना गनिताचे पेपर तपासाचे हायत."

तो बांबू काकीच्या हातात मी पाहिलेला आहे. मीच नाही, माझ्यामागून शिकलेल्या सगळ्या मुलींनी पाहिलेला आहे. फादरांची बदली झाली, ते गेले, तरी काकी पहाटे काठावर उभी असायची आणि फादरांपेक्षा मोठ्याने ओरडायची. तलावाला रेलिंग लागेपर्यंत तिने गावातल्या किती मुली पाण्यात उतरवल्या असतील, देव जाणे. मला इतकी वर्षं वाटत होतं की फादरांना खरंच पेपर तपासायचे होते. त्यांनी त्या बाईला सकाळी उठायला कारण दिलं होतं. कोणाला न सांगता, वर स्वतःच्या पेपरांचं निमित्त करून. माणसं उपदेश करतात, सांत्वन करतात, आणि हा माणूस एक बांबू हातात देऊन शाळेत निघून गेला. काकी भरल्या घरात, नातवंडं बघून, म्हातारी होऊन गेली.

मी मान वर करून पुतळ्याकडे परत बघितलं. आता मला बूट खटकले नाहीत. ज्याला पाठीमागचं माहीत नाही त्यालाही थांबून बघावंसं वाटेल असा तो आहे, आणि ते पुरेसं आहे.

निघताना चर्चच्या बाईंनी सांगितलं की फादरांच्या आठवणीची प्रार्थना पुढच्या महिन्यात आहे, तुम्ही जरूर या. "हे सगळं तिथे सांगा, मावशी. आमच्या लोकांनाही कळू दे."

"मी एकटी कशाला?" आई म्हणाली. "बाया हायत आजून."

गाडीत बसल्या बसल्या तिने माझा फोन मागून घेतला आणि मला एकेकीचा नंबर लावायला सांगितलं. एक सुनेबरोबर कळव्याला असते. एकीचा फोन नातवाने उचलला. एकीला ऐकू कमी येतं. तिच्याशी बोलताना आईने खिडकीबाहेर तोंड काढून, पलीकडच्या रिक्षावाल्याने वळून बघावं इतक्या जोरात सांगितलं, "अगो, फादरचा! फादरचा पुतला! नाय, मेला नाय कोन! पुतला बसवलाय! ठेवनीतला लुगरा कार, जावाचा हाय!" माझी मुलगी हसता हसता काच वर करायचं बटण शोधत होती, आणि आई तिचा हात बाजूला सारून पुढचा नंबर विचारत होती.